संग्रहालयाच्या नोंदवहीत लोकांनाही लिहू द्या

२०११ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियमने आपल्याकडची भारतीय लघुचित्रं ऑनलाइन मांडली आणि लोकांना एक खेळ दिला. पडद्यावर दोन चित्रं येणार, हाताशी चार सेकंद, आवडलेलं निवडायचं, की लगेच पुढची जोडी. दुसऱ्या टप्प्यात एकेका चित्राबद्दल आपल्या शब्दांत काहीतरी लिहायचं आणि मग गुण द्यायचे. शेवटच्या टप्प्यात घड्याळ नव्हतं. संग्रहालयाने लिहिलेली माहिती निवांत वाचायची आणि गुण द्यायचे. साडेचार हजारांवर लोक यात उतरले. त्यांच्या प्रतिसादावरून काही चित्रं निवडून त्यांचं एक छोटं प्रदर्शन प्रत्यक्ष दालनात लागलं.

राग-रागिण्या चित्रांतून मांडणाऱ्या रागमालेतलं चित्र चार सेकंदांत निकालात काढायचं, हे ऐकून आपल्याकडच्या जाणकारांच्या कपाळावर आठ्या पडतील. माझ्या पडल्या नाहीत. दालनातून फिरताना आपण तरी एका चित्रापाशी किती थांबतो? थांबलो तरी निम्मा वेळ पाटी वाचण्यात जातो. शिवाय या लोकांनी प्रयोग मनापासून केला होता. त्याआधी २००८ मध्ये त्यांनी याहून मोठा घाट घातला होता. बदलत्या ब्रुकलिनचे फोटो लोकांकडून मागवले, ३८९ आले. ते निवडायला तज्ज्ञांची समिती नेमली नाही. ३,३४४ जणांनी ऑनलाइन बसून चार लाखांवर वेळा गुण दिले आणि ७८ फोटो भिंतीवर गेले. आधीच्यांनी किती गुण दिलेत ते पुढच्याला दिसू नये, अशी तजवीजही केली होती. एकाने मान डोलावली की दुसरा डोलावतो, हे त्यांनाही ठाऊक होतं.

माझी तक्रार वेगळीच आहे. एवढा सगळा खटाटोप झाल्यावर संग्रहालयाला लोकांविषयी बरंच कळलं. त्यांना काय आवडतं, किती वेळात आवडतं, माहिती वाचून मत बदलतं का. त्या चित्रांविषयी मात्र लोकांकडून संग्रहालयाला काय कळलं? लोक आवड सांगण्यापुरते आत आले आणि आवड सांगून निघून गेले. चित्राच्या नोंदीत एक अक्षर इकडचं तिकडे झालं नसावं.

आता त्याच वर्षीचं, म्हणजे २००८ चं, दुसरं उदाहरण घेऊ. १६ जानेवारीला अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तीन हजारांच्या आसपास जुने फोटो फ्लिकर या संकेतस्थळावर टाकले. त्यातले बरेचसे १९१०च्या आगेमागे एका वृत्तसंस्थेने काढलेले होते. माहिती म्हणावी तर फोटोच्या काचेच्या निगेटिव्हवर खरडलेलं एखादं आडनाव, फार तर गावाचं नाव. नोंद करणाऱ्यांनीही तेवढंच उतरवून घेतलेलं. लोकांना सांगितलं, बघा, ओळखीचं काही दिसलं तर लिहा. पहिल्या दहा महिन्यांत अडीच हजारांवर लोकांनी सात हजारांहून जास्त टिपणं लिहिली. ‘वा, सुंदर’ छापाची पुष्कळ होती, ती असणारच. पण दुकानावरच्या पाटीवरून गल्ली ओळखणारेही होते. जुन्या वर्तमानपत्रातली बातमी हुडकून फोटोतला माणूस कोण ते सांगणारे होते. ‘हे माझे आजोबा’ म्हणणारेही होते. ग्रंथालयातल्या माणसांनी ही माहिती एकेक करून तपासली आणि पाचशेवर मूळ नोंदी बदलल्या. बदलताना ही माहिती फ्लिकरवरून आली, असा उगमही नोंदीत लिहिला.

ती शेवटची ओळ मला सगळ्यात मोलाची वाटते. संग्रहालयांनी इंटरनेटवरून नवा प्रेक्षक जोडावा का, यावर आता वाद घालण्यात अर्थ नाही, जोडावाच लागेल. वाद आहे तो जोडण्याचा अर्थ काय, यावर. माझं म्हणणं एवढंच, की बाहेरच्या माणसाला जे माहीत आहे ते संग्रहाच्या नोंदवहीपर्यंत, त्याच्या नावानिशी, पोचायला हवं. तिथवर जाणारी वाट नसेल तर बाकीच्या स्पर्धा, सेल्फी आणि मतदान म्हणजे जाहिरात. जाहिरात करू नये असं नाही, पण तिला लोकसहभाग म्हणू नये.

महाराष्ट्राच्या बाबतीत तर हे म्हणणं जास्तच लागू पडतं, कारण आपली बरीच संग्रहालयं माणसांच्या घरांतून आलेल्या वस्तूंनी भरलेली आहेत.

एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या संग्रहालयात घडलेला प्रसंग सांगतो. काचेच्या कपाटात तांब्याचं एक रुंद तोंडाचं मोठं भांडं होतं. खाली टंकलेली पाटी: ‘पाणी साठवण्याचे भांडे, तांबे, अंदाजे २०वे शतक.’ माझ्या पुढे दोघी नणंदा-भावजया होत्या, साठीच्या पुढच्या. धाकटी चवड्यांवर उभी राहून भांड्याच्या आत डोकावली आणि म्हणाली, “वन्सं, हे पाण्याचं नाही हो. आत कल्हई दिसतेय बघा.” थोरलीनेही डोकावून पाहिलं. “खरंच की. पाण्याच्या भांड्याला कोण कल्हई लावतंय? पंगतीचं तपेलं आहे हे.” मग मीही पाहिलं. आतल्या अंगाला, तळाच्या कडेशी, पांढुरका पापुद्रा अजून तगून होता. काठाच्या खाली टिकलीएवढ्या ठिपक्यांनी नाव घातलेलं होतं. अक्षरं अर्धी झिजलेली, पण ‘समस्त’ आणि ‘मंडळी’ एवढं लागत होतं. म्हणजे कुणा एका घराचं नव्हतंच ते. गावाच्या सामाईक भांड्यांतलं असणार, लग्नकार्याला न्यायचं आणि घासून-पुसून परत आणून ठेवायचं. बाहेरून अंगभर हातोडीच्या एकसारख्या खुणा होत्या, तांबट लोक मठारकाम म्हणतात ते. पुण्याच्या तांबट आळीतला एखादा जुना कारागीर त्या खुणांवरून आणखी चार गोष्टी सांगू शकला असता.

दोघी पाच मिनिटं तिथे होत्या. कुठल्या लग्नात असल्या तपेल्यात किती पायली तांदूळ शिजला होता यावर थोडा वाद झाला, आणि त्या पुढच्या दालनात गेल्या. तेवढ्यात त्या भांड्याचा उपयोग, मालकी आणि वापरण्याची रीत असं तिहेरी ज्ञान तिथे येऊन गेलं. अभिप्रायाची वही बाहेर टेबलावर होती, दोरीने बांधलेल्या पेनासकट. तिच्यात ‘छान’, ‘स्वच्छता ठेवावी’ आणि एका शाळेच्या सहलीच्या सह्या. पाटी अजून तीच असेल.

असल्या वस्तू आपल्याकडे थोड्याथोडक्या नाहीत. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात वीस हजारांवर वस्तू आहेत आणि मांडलेल्या त्यांतल्या अडीच हजारांच्या आसपास. दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, विळ्या, दौती, फण्या, दारांच्या चौकटी असं घराघरांतलं जिन्नस गोळा करण्यात आयुष्य घातलं. दरबारी वस्तूंवर लिहिणारे अभ्यासक मिळतात. विळीवर बसून चाळीस वर्षं भाजी चिरलेली बाई मात्र अभ्यासक म्हणून कुठल्याही यादीत नसते. ती संग्रहालयात येते ती ‘प्रेक्षक’ म्हणून, आणि आपण तिला ‘नवा प्रेक्षक’ म्हणून आकर्षित करायचे बेत आखतो. खरं तर संग्रहालयालाच तिची गरज आहे. ती नसेल तेव्हा त्या विळीविषयी सांगायला लांबी, रुंदी आणि धातू एवढंच उरेल.

लोकांना लिहू दिलं की सगळं गोडगोड येईल, या भ्रमात मात्र कोणी राहू नये. त्याच तपेल्याचा फोटो ऑनलाइन गेला तर खाली कुणीतरी लिहील, की गावाची ही भांडी आमच्या वस्तीवरच्या लग्नाला कधी मिळाली नाहीत. ‘समस्त’ या शब्दात आम्ही नव्हतो. हेही त्या भांड्याविषयीचंच ज्ञान आहे आणि ते कुठल्याही तांबटाला किंवा धातुतज्ज्ञाला देता येणार नाही. पाटीवरचं गाव आणि प्रत्यक्षातलं गाव यांतलं अंतर त्या एका वाक्याने नोंदलं जातं. संग्रहालयांना बहुतेक याचीच धास्ती वाटत असावी.

म्हणून सोपा मार्ग घेतला जातो. इंग्लंडमध्ये रेडिंगला ग्रामीण जीवनाचं एक संग्रहालय आहे. एप्रिल २०१८ मध्ये त्यांनी १९६२ सालचा एका धिप्पाड मेंढ्याचा फोटो ट्विटरवर टाकला, सोबत एक गमतीदार ओळ. जगभर हशा पिकला आणि ज्यांनी आयुष्यात नांगर पाहिला नाही त्यांनाही ते संग्रहालय माहीत झालं. २०२० च्या टाळेबंदीत लॉस एंजेलिसच्या गेटी म्युझियमने लोकांना घरातल्या वस्तू वापरून प्रसिद्ध चित्रांची नक्कल करायला सांगितली. कल्पना मूळची एका डच इन्स्टाग्राम खात्याची. लोकांनी चादरी पांघरल्या, पोळ्यांच्या झालरी केल्या, कुत्र्यांना राण्या केलं. मला दोन्ही गोष्टी मनापासून आवडल्या. चित्राची नक्कल करायची तर हात कुठे आहे, उजेड कुठून येतो, हे बघावंच लागतं. तेवढं बारकाईने एरवी कोण बघतं? रेडिंगच्या मंडळींनीही त्या मेंढ्याच्या आडून शेतीचा इतिहास सांगायचं सोडलं नाही. पण आपल्याकडे या गोष्टींची नक्कल होते ती वरच्या सालीची. हॅशटॅग येतो, मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन होतं, ‘आपला सेल्फी पाठवा’ असं आवाहन निघतं, आणि वर्षाच्या अहवालात फॉलोअर्सचा आकडा छापला की विषय संपतो.

गंमत अशी, की खरा लोकसहभाग मराठीत केव्हाच सुरू झालेला आहे, संग्रहालयांना न विचारता. मोडी शिकणाऱ्यांचे फेसबुकवर आणि व्हॉट्सॲपवर गट आहेत. कुणीतरी पणजोबांच्या ट्रंकेत सापडलेल्या कागदाचा फोटो टाकतो, ‘कोणी वाचून देईल का?’ तासाभरात एखादी निवृत्त शिक्षिका पहिल्या चार ओळी लावून देते, दुसरा कुणी ‘ते नाव तसं नाही, असं आहे’ म्हणून दुरुस्ती करतो, तिसरा कालगणना सोडवून इसवी सन सांगतो. तीच गोष्ट गडकिल्ले हिंडणाऱ्यांची. आडगावच्या देवळामागे शेंदूर फासलेली वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराची शिळा), बांधावर पडलेली सतीशिळा, उकिरड्यात रुतलेला गद्धेगाळ (गाढवाचं शापचित्र कोरलेला दगड) यांचे फोटो, जागेच्या खुणांसकट, या पोरांनी जमवले आहेत. त्यांच्या मोबाइलमध्ये एक आख्खं राज्य संग्रहालय पडून आहे, आणि फोन हरवला की तेही हरवणार.

ही रीत आपल्याकडे नवीही नाही. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे गावोगाव पायी हिंडून वाड्यांतली दप्तरं मिळवत होते. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं ते अशाच घरोघरच्या कागदांवर. माळ्यावर कागद जपून ठेवणारा आणि परक्या माणसाच्या हाती तो विश्वासाने देणारा, हाही त्या इतिहासाचा भागीदार होता. फक्त त्याचं नाव फार तर एखाद्या तळटीपेत उरलं, बहुतेकदा तेवढंही नाही.

पुण्याच्या पेशवे दप्तरात आजही मोडीतले काही कोटी कागद आहेत. गो. स. सरदेसायांनी १९३०च्या दशकात त्यांतून निवडून ४५ खंड काढले. तो डोंगराचा एक कडा झाला. उरलेलं वाचायला किती पगारी मोडी-वाचक नेमायचे? किती वर्षं? हे दप्तर म्हणजे काही संग्रहालय नव्हे, पण दुखणं तेच आहे, आणि औषधाचा प्रयोग लंडनमध्ये झालेला आहे. युनिव्हर्सिटी कॉलेजने जेरेमी बेंथम या तत्त्ववेत्त्याची हस्तलिखितं सप्टेंबर २०१० मध्ये ऑनलाइन ठेवली आणि कोणीही वाचून उतरवून द्यावीत असं सांगितलं. बेंथमचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. पहिल्या सहा महिन्यांत १,२०७ जणांनी नाव नोंदवलं. प्रत्यक्ष काही उतरवलं ते २५९ जणांनी. आणि झालेल्या कामातलं सत्तर टक्के केलं सात जणांनी.

सात! आपल्याकडच्या एखाद्या खात्याने हा अहवाल वाचला असता तर योजना फसली म्हणून फाइल बंद केली असती. मला तो आकडा फार आशादायक वाटतो. गर्दीची गरजच नाही, हे त्यातून कळतं. हजार माणसांसाठी दार उघडं ठेवावं लागतं ते त्यातले सात आत यावेत म्हणून, आणि ते आले की त्यांना टिकवावं लागतं. त्यांच्या प्रश्नाला त्याच आठवड्यात उत्तर द्यावं लागतं. त्यांचं वाचन चुकलं तर का चुकलं ते सांगावं लागतं. हे काम संकेतस्थळ करत नाही, तिकडे बसलेला माणूस करतो. मोडीत तर असे सातच्या जागी सत्तर मिळतील. शिवाय ते पुण्यातच असायला हवेत असंही नाही. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातही मोडी कागद आहेत. तिथला एखादा मराठी माणूस साताऱ्याचं पत्र वाचेल, न्यू जर्सीतला निवृत्त इंजिनियर तंजावरचं.

‘पण लोक वाट्टेल ते लिहितील त्याचं काय?’ हा प्रश्न प्रत्येक सभेत येतो, आणि महाराष्ट्रात तो हसण्यावारी नेता येत नाही. ५ जानेवारी २००४ ला पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर जमाव चालून गेला, पोथ्या आणि वस्तूंची नासधूस झाली. इतिहासाच्या पुस्तकातल्या एका वाक्यावरून इथे काय होऊ शकतं हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं. अशा राज्यात संग्रहालयाच्या वस्तूखाली कोणालाही काहीही लिहू देणं म्हणजे आगीशी खेळ, असं एखाद्या अभिरक्षकाला वाटलं तर त्याला भित्रा म्हणणार नाही मी.

तरी दार बंद ठेवणं हा उपाय होत नाही. व्हॉट्सॲपवरचा इतिहास कोणाच्या परवानगीसाठी थांबलेला नाही. संग्रहालय गप्प बसलं तर मैदान त्यालाच मोकळं. वाट्टेल ते लिहिणाऱ्यांना आवर कसा घालायचा याचा चांगला नमुना आपण नुकताच पाहिला आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात उसनवारीवर आली. ती शिवाजी महाराजांची आहेत, असा मजकूर त्यांच्या पेटीवर आहे. साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याला ती भेट मिळाली, असंही त्यात लिहिलेलं आहे. लंडनच्या संग्रहालयाने तो मजकूर आपल्या नोंदीत जसाच्या तसा दिला आणि हीच ती वाघनखं, याची खात्री करता आलेली नाही, हेही लिहिलं. इकडे त्यावरून राजकारण व्हायचं ते झालं. पण नोंदीपुरतं बोलायचं तर याहून प्रामाणिक रीत नाही. दावा काय आहे, तो कोणी केला, आणि आम्हाला काय ठाऊक आहे, या तीन गोष्टी एकाखाली एक.

लोकांकडून आलेल्या माहितीलाही हीच रीत लावावी. संग्रहालयाचं म्हणणं एका रकान्यात, लोकांचं दुसऱ्यात. प्रत्येक ओळीला लिहिणाऱ्याचं नाव, गाव, तारीख. निनावी मजकूर घ्यायचाच नाही. तपासून पटलं तर ती ओळ पहिल्या रकान्यात जाईल, उगमासकट. पटलं नाही तर तिथेच राहील, ‘असं म्हटलं जातं’ म्हणून. आणि शिवीगाळ काढून टाकायला तत्त्वज्ञान लागत नाही.

नावाचा आग्रह मी दुसऱ्या एका कारणासाठीही धरतो. फुकट राबवून घेण्याची ही नवी तऱ्हा तर नव्हे, असा संशय स्वयंसेवकांच्या मनात येतो आणि तो रास्त आहे. नोकरभरती थांबवायची आणि ‘लोकसहभाग’ म्हणून तेच काम लोकांकडून करून घ्यायचं, हे कुठल्याही सरकारला जमण्यासारखं आहे. भरीला आता यंत्रं आली. माणसांनी उतरवून दिलेली पानं खाऊन हस्ताक्षर वाचायला शिकणाऱ्या प्रणाली तयार झाल्या आहेत. बेंथमच्या कागदांचा उपयोगही त्यासाठी झाला. मोडीतही ते होईल आणि व्हायला हवंच, पण तुमचं काम कशाकशासाठी वापरलं जाईल, हे पहिल्याच पानावर सांगायला काय हरकत आहे?

या बाबतीत जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह डोळ्यांपुढे ठेवावा. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्यात राहून, गावोगावच्या बायकांबरोबर काम करून जमवलेल्या एक लाखाहून जास्त ओव्या. पुढे २०१७ पासून त्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहावर येऊ लागल्या. तिथे ओवीसोबत गाणारीचं नाव आहे, गाव आहे, बऱ्याच ठिकाणी फोटो आणि तिच्याविषयीची माहिती आहे. ‘पारी’च्या मंडळींनी अनेक वर्षांनी परत जाऊन काही गाणाऱ्या बायकांना शोधून काढलं. शाळेत न गेलेल्या बाईची ओवी तिच्या नावावर इंटरनेटवर आहे. तिच्याकडे टंकायला कळफलक नव्हता, आवाज होता. संग्रहालयांनी हेही ध्यानात घ्यावं. इंग्रजी फॉर्म, ईमेल, पासवर्ड, कॅप्चा असले अडथळे रचून ‘प्रतिसाद अल्प मिळाला’ म्हणणं शहाणपणाचं नाही. कल्हई ओळखणाऱ्या त्या वहिनी फॉर्म भरणार नाहीत. मोबाइलवर बोलून मात्र अर्धा तास सांगतील, आणि वरून नणंदेलाही बोलायला लावतील.

आणि आधी वस्तू नीट दिसायला तर हवी. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमला मोठी गमतीशीर अद्दल घडली होती. व्हर्मीर या डच चित्रकाराच्या दूध ओतणाऱ्या बाईच्या चित्राच्या पिवळट, भिकार प्रती इंटरनेटवर इतक्या पसरल्या, की दुकानातलं अस्सल रंगांचं पोस्टकार्ड बघून लोक म्हणू लागले, हे खरं नाही. तेव्हा उत्तम प्रत आपणच खुली करावी, हे त्यांना पटलं. ऑक्टोबर २०१२ मध्ये त्यांनी सव्वा लाख कलाकृतींच्या मोठ्या, स्वच्छ प्रतिमा लोकांना मोकळ्या करून दिल्या. उतरवून घ्या, कापा, टी-शर्टवर छापा. आपल्याकडे अजून ‘फोटो काढण्यास सक्त मनाई’ची पाटी वस्तूच्या पाटीपेक्षा मोठी असते, आणि ऑनलाइन प्रतिमेवर आडवा शिक्का मारलेला असतो. त्या शिक्क्याखालची ठिपक्यांची अक्षरं कोण वाचणार?

सगळंच उघडं करावं असं मात्र मी म्हणणार नाही. पूजेतल्या, विधीतल्या काही वस्तू अशा असतात, की त्या कोणी पाहाव्यात हे ठरवण्याचा हक्क त्या समाजाचा आहे. ऑस्ट्रेलियातल्या वारुमुंगू लोकांबरोबर काम करताना मुकुर्टू नावाची प्रणाली उभी राहिली ती याच गरजेतून. तीत कोणती नोंद कोणाला दिसेल हे समाज स्वतः ठरवतो. आपल्याकडच्या आदिवासी दालनांतल्या मुखवट्यांबद्दल कोणी कोणाला असं विचारलंय का? सहभागात ‘हे दाखवू नका’ म्हणण्याचा अधिकारही येतो. तो दिला नाही तर उरलेला सहभाग देखाव्याचाच.

तंत्राची अडचण पुढे करण्यात आता दम नाही. देशातल्या संग्रहालयांसाठीची ‘जतन’ ही नोंदप्रणाली पुण्याच्याच सी-डॅक या सरकारी संगणक-संस्थेने बनवली आहे. राष्ट्रीय संग्रहालयांतल्या वस्तू तिच्यामार्फत ऑनलाइन दिसतात, ही मोठीच सोय झाली. नोंदीला आणखी एक रकाना जोडणं त्या मंडळींना जड जाऊ नये. ‘शासकीय नोंदवहीत खासगी व्यक्तीचा मजकूर नियमात बसत नाही’ असा शेरा फाइलवर येईल, तर मूळ नोंदवहीला हात न लावता जोडनोंद ठेवता येते. सुरुवात राज्यभर नको. एका संग्रहालयातली स्वयंपाकघराची शंभर भांडी आणि दप्तरातला एक रुमाल (कापडात बांधलेला गठ्ठा) कागद, एवढ्यावर वर्षभर काम करून बघावं. त्यासाठी एक माणूस पूर्णवेळ लागेल. आलेलं वाचणारा, फोन उचलणारा, उत्तर देणारा आणि चूक निघाली तर पाटी बदलायला भांडणारा. सरकारी संग्रहालयांत आहेत ती पदंच भरली जात नाहीत ही जुनी रड आहे, म्हणून हे पद कंत्राटावर आणि ‘प्रसिद्धी’च्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे त्या खर्चाच्या खात्यातून, काढायचा मोह होईल. तसं झालं तर तो माणूस चार महिन्यांत सेल्फी स्पर्धा भरवायला लागेल. त्याचा पगार ‘संग्रह व जतन’ या लेखाशीर्षातून निघायला हवा.